खुराक वाढवूनही दूध का वाढले नाही? गाईचे खाणे आणि दुधाचा खरा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गोठ्यातील गाई साधारण ५०० किलो वजनाच्या आहेत. प्रत्येकीला दिवसाला ३५ किलो हिरवा चारा, ४ किलो वाळलेली वैरण आणि दोन धारांच्या वेळी विभागून ६ किलो खुराक मिळत होता. सरासरी दूध १४ लिटर होते. दूध वाढावे म्हणून आपण खुराक ८ किलो केला, तेव्हा दूध १४.४ लिटरवर गेले, पण फॅट ३.८ वरून ३.५ वर आले. त्यातच एक गाय गव्हाण चाटूनपुसून खाते आणि १६ लिटर देते, तर दुसरी तिच्यापेक्षा बरेच कमी खाऊन १९ लिटर देते. पहिली गाय विकून टाकावी का आणि खुराक आणखी वाढवावा का, असे आपण विचारले आहे.

दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर तूर्त ‘नाही’ असे आहे. गाय किती खाते आणि किती दूध देते हे दोन आकडे आपल्याकडे आहेत, परंतु त्यांतील पहिला आकडा टाकलेल्या खाद्याचा आहे, खाल्लेल्या खाद्याचा नव्हे, आणि दुसरा आकडा नुसत्या लिटरचा आहे, दुधातल्या घटकांचा नव्हे. गाय वेताच्या (एका विण्यापासून पुढच्या विण्यापर्यंतच्या काळाच्या) कोणत्या टप्प्यात आहे आणि तिचे वजन वाढते आहे की घटते आहे, हे या दोन आकड्यांशेजारी लिहिलेले नसेल, तर खाद्याचे दुधात रूपांतर किती चांगले होते आहे हे कोणालाही सांगता येणार नाही.

प्रथम खाण्याचा हिशेब करू. चाऱ्यातले पाणी गाईला उपयोगी पडत असले तरी त्यात पोषण नसते, म्हणून सगळे खाद्य शुष्क पदार्थात मोजावे लागते. कोवळ्या हिरव्या चाऱ्यात शुष्क पदार्थ २० टक्क्यांच्या आसपास, चांगल्या मुरघासात (हवाबंद आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्यात) ३० ते ३५ टक्के, तर वाळलेल्या वैरणीत आणि खुराकात सुमारे ९० टक्के असतो. या मापाने आपला ३५ किलो हिरवा चारा म्हणजे ७ किलो, वैरण ३.६ किलो आणि ६ किलो खुराक म्हणजे ५.४ किलो, असा एकूण १६ किलो शुष्क पदार्थ गव्हाणीत पडत होता. शिल्लक किती राहते हे आपण लिहिलेले नाही. चारा नीट कुट्टी केलेला नसेल तर गाई पाला खाऊन जाड दांडे मागे ठेवतात, त्यामुळे दोन किलो शुष्क पदार्थ वाया जातो असे मी धरतो. म्हणजे पोटात गेले १४ किलो. ही शिल्लक आपण सलग काही दिवस वजनकाट्यावर मोजावी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे.

हिरव्या चाऱ्याचा शुष्क भागही अंदाजाने धरू नये, कारण पावसाळी कोवळा चारा आणि फुलोऱ्यावर आलेला चारा यांत मोठा फरक असतो. गव्हाणीच्या चार-पाच जागांहून कुट्टी घेऊन मिसळावी आणि त्यातील बरोबर १०० ग्रॅम मायक्रोवेव्हमध्ये थोडा थोडा वेळ ठेवून, मधूनमधून हलवत आणि वजन करत वाळवावी. आत एका कपात पाणी ठेवावे, म्हणजे चारा करपत नाही. लागोपाठ दोन वजने सारखी आली की उरलेले ग्रॅम म्हणजेच शुष्क पदार्थाची टक्केवारी. १०० ग्रॅमचे १७ ग्रॅम उरले, तर आपला ३५ किलो चारा ७ किलो नसून जेमतेम ६ किलो होता, आणि गाय ‘भरपूर खाऊनही’ उपाशी का राहते याचे उत्तर तिथेच मिळते.

आता दुधाकडे पाहू. वेगवेगळ्या फॅटच्या दुधाची तुलना करण्यासाठी ते ४ टक्के फॅटच्या दुधात रूपांतरित करतात. त्यासाठी दुधाच्या किलोंना ०.४ ने गुणावे, दुधातून निघालेल्या फॅटच्या किलोंना १५ ने गुणावे आणि दोन्हींची बेरीज करावी. १४ लिटर म्हणजे सुमारे १४.४ किलो दूध, ३.८ फॅटने त्यात साधारण ५४७ ग्रॅम फॅट आहे. हे ४ टक्क्यांच्या मापाने बरोबर १४ किलो दूध होते. खुराक वाढवल्यानंतरचे १४.४ लिटर म्हणजे १४.८ किलो दूध; ३.५ फॅटने त्यात सुमारे ५१९ ग्रॅम फॅट आहे आणि ४ टक्क्यांच्या मापाने ते १३.७ किलो भरते. भांड्यात दूध वाढलेले दिसले, पण गाईने दुधात ओतलेली ऊर्जा प्रत्यक्षात किंचित कमी झाली.

खाद्याच्या बाजूने पाहिले तर १४ किलो शुष्क पदार्थावर १४ किलो दूध, म्हणजे गुणोत्तर १.० होते. खुराक वाढल्यावर १.८ किलो शुष्क पदार्थ जास्त पडला. त्यापायी चाऱ्याची शिल्लक एक किलोने वाढली असे धरल्यास खाणे १४.८ किलो आणि गुणोत्तर ०.९३ होते. आपल्या गाई जास्त खाऊन कमी कार्यक्षम झाल्या. त्यात गाईंचा दोष नाही, दोष कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या सर्वांत मोठ्या, चारा आंबवणाऱ्या कप्प्यात, घडलेल्या बदलाचा आहे, आणि तो बदल समजून घेतल्याशिवाय खुराकाचे प्रमाण ठरवणे धोक्याचे आहे.

गाय चारा स्वतः पचवत नाही, कोटीपोटातील सूक्ष्मजीव तो पचवतात. तंतुमय भाग पचवणारे जिवाणू आम्लतेला फार संवेदनशील असतात. सामू (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ६ च्या खाली बराच वेळ राहिला की त्यांचे काम मंदावते. दाणे आणि भरडा झपाट्याने आंबतो आणि आम्ल तयार करतो. या आम्लाचा समतोल राखते ती लाळ, जी मोठी गाय दिवसाला १०० लिटरहून अधिक निर्माण करते. ही लाळ मुख्यतः लांब, तंतुमय चारा चावताना आणि रवंथ करताना सुटते. आपण दर धारेला चार-चार किलो खुराक एकदम दिलात, तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या: आम्ल वाढले, आणि चारा कमी खाल्ला गेल्याने रवंथ व लाळ कमी झाली. खाल्लेल्या शुष्क पदार्थात खुराकाचा वाटा ३९ टक्क्यांवरून ४९ टक्क्यांवर गेला. उत्तम चारा आणि सगळे मिसळून दिलेले खाद्य असेल तर ४९ टक्के वाटाही गाय सहज पेलते. दोनच वेळा सुटा खुराक देण्याच्या पद्धतीत तो जड जातो. फॅट उतरणे ही त्याची पहिली आणि सर्वांत स्वस्तात कळणारी खूण आहे. दुधातील फॅट प्रथिनाच्या खाली गेले, शेण पातळ व फेसाळ झाले, त्यात अख्खे दाणे दिसू लागले, किंवा निवांत बसलेल्या गाईंपैकी निम्म्याही गाई रवंथ करताना दिसल्या नाहीत, तर आम्लतेचा संशय पक्का समजावा. अशी आम्लता दीर्घकाळ राहिली की पुढे खुरांचे आजार होतात आणि लंगडणारी गाय गव्हाणीकडे जायचेच टाळते.

दोन किलो खुराकात सव्वातीन मेगाकॅलरीच्या आसपास दुग्धोपयोगी ऊर्जा असते आणि ४ टक्के फॅटच्या एक किलो दुधाला ०.७५ मेगाकॅलरी लागते. कागदावर त्यातून चार किलोहून अधिक दूध निघायला हवे होते. प्रत्यक्षात ते कधीच पूर्ण निघत नाही, कारण खुराक चाऱ्याची जागा घेतो, उरलेल्या चाऱ्याचे पचन मंदावते, आणि वेताच्या उत्तरार्धातील गाय जादा ऊर्जा कासेऐवजी अंगावर चढवते. आपल्या गोठ्यात यांतील कोणत्या कारणाचा वाटा किती, हे गाईंच्या विण्याच्या तारखा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. बहुतेक गाई सात-आठ महिन्यांच्या दुभत्या असतील, तर दूध न वाढणे अपेक्षितच होते; ताज्या व्यायलेल्या असतील, तर आम्लतेकडे किंवा प्रथिनांच्या कमतरतेकडे बोट जाते. दुधातील युरियाची तपासणी होऊ शकत असेल तर ती करून घ्यावी. त्यातील नत्र डेसिलिटरला ८ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर कोटीपोटातील जिवाणूंना पुरेसे नत्र मिळत नाही असे समजावे, आणि अशा वेळी कितीही भरडा घातला तरी पचन सुधारत नाही.

येथे एक मुद्दा आवर्जून मांडतो, कारण यावर बरेच गैरसमज आहेत. कार्यक्षमता वाढवायची म्हणजे गाईचे खाणे कमी करायचे, असा अर्थ अनेक जण काढतात आणि गाईला उपाशी ठेवतात. ५०० किलोच्या गाईला फक्त जगण्यासाठी, म्हणजे एक थेंबही दूध न देता, रोज सुमारे साडेआठ मेगाकॅलरी लागतात. हा आकडा अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००१ च्या मानकांतील आहे; २०२१ च्या सुधारित आवृत्तीत ही गरज आणखी वाढवून साडेदहाच्या आसपास धरली आहे, पण सोयीसाठी जुनाच आकडा घेऊ. दहा किलो दुधाला साडेसात मेगाकॅलरी मिळवल्या की एकूण गरज १६ झाली. किलोला दीड मेगाकॅलरी देणारे खाद्य असेल तर १०.७ किलो शुष्क पदार्थ लागतो आणि गुणोत्तर ०.९४ येते. हीच गाय २० किलो दूध देत असेल तर गरज २३.५ होते, खाद्य १५.७ किलो लागते आणि गुणोत्तर १.२८ होते. जगण्याचा खर्च घरभाड्यासारखा असतो, तो कमाई कमी झाली म्हणून कमी होत नाही. म्हणून निरोगी, ताज्या गाईला पचणारे खाद्य जितके जास्त खाता येईल तितके खाऊ देणे हाच सामान्यतः कार्यक्षमतेचा मार्ग असतो.

आता त्या दोन गाईंचा प्रश्न. आपण त्यांच्या विण्याच्या तारखा दिलेल्या नाहीत, पण वर्णनावरून मला वाटते की कमी खाऊन १९ लिटर देणारी गाय नुकतीच व्यायलेली असावी आणि गव्हाण रिकामी करणारी गाय बऱ्याच महिन्यांची दुभती, कदाचित गाभण असावी. व्यायल्यानंतर दूध साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात शिखरावर जाते, खाणे मात्र दहाव्या ते चौदाव्या आठवड्यात पूर्ण क्षमतेला पोहोचते. मधल्या काळात तूट पडते आणि गाय ती अंगावरच्या चरबीतून भरून काढते. एक किलो वजन उतरले की त्यातून सुमारे साडेसहा किलो दुधापुरती ऊर्जा मिळते. म्हणजे ही गाय रोज अर्धा किलो उतरत असेल तर तिच्या १९ लिटरपैकी तीनेक लिटर खाद्यातून नव्हे, तिच्या अंगातून येत आहेत. कागदावर तिचे गुणोत्तर १.६ किंवा १.७ दिसेल आणि आपण तिला आदर्श समजाल. पण ती अशीच उतरत राहिली तर कीटोसिस (अंगावरची चरबी फार वेगाने वापरली गेल्याने होणारा आजार) होण्याचा आणि माज लांबण्याचा धोका असतो, आणि मग पुढच्या वेतात तीच गाय सर्वांत महाग पडते. पहिली गाय आज खाल्लेल्यातला काही भाग तीच गेलेली चरबी परत भरण्यासाठी आणि पोटातल्या वासरासाठी वापरत आहे. तिचे गुणोत्तर १.१ किंवा १.२ आले तरी त्या टप्प्यावर ते वाईट नाही. पहिल्या वेताच्या कालवडीचेही असेच असते. ती स्वतः वाढत असल्यामुळे खाद्याचा काही भाग वाढीत जातो.

म्हणून गुणोत्तराशेजारी शरीराची अवस्था लिहिलीच पाहिजे. १ ते ५ च्या मोजपट्टीवर शरीरगुणांक, म्हणजे अंगावर किती मांस-चरबी आहे याचा गुण, विण्याच्या दिवशी आणि नंतर दर पंधरवड्याला नोंदवावा. विण्यापासून शिखरापर्यंत तो अर्ध्याहून अधिक गुणाने उतरू नये. वजनकाटा नसेल तर पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १०,८४०, हे किलोतील अंदाजे वजन. घेर १८० आणि लांबी १५० असेल तर वजन ४४८ किलोच्या आसपास येते. एका मोजणीतील आकड्यापेक्षा तोच माणूस, त्याच वेळी, त्याच टेपने मोजत राहिल्यावर दिसणारा चढ-उतार अधिक उपयोगी असतो.

जास्त खाऊन खरोखर कमी देणाऱ्या गाई असतातच. सारखे वजन आणि सारखे दूध असलेल्या दोन गाईंच्या खाण्यात लक्षणीय फरक आढळतो, त्यातील काही भाग आनुवंशिक असतो, आणि अमेरिकेतील होल्स्टिन वळूंच्या मूल्यांकनात डिसेंबर २०२० पासून खाद्यबचतीचा स्वतंत्र गुण दिला जातो. पण एखादी गाय त्यांपैकी आहे असे ठरवण्याआधी ती त्याच टप्प्यातील, त्याच वेतातील गाईंशी ताडून पाहावी, आणि सुप्त कासदाह, जंत, लंगडेपणा यांची तपासणी करून घ्यावी. सुप्त कासदाहात कास वरून धडधाकट दिसते, खाणे कमी होत नाही आणि दूध मात्र गुपचूप घटते. अशी गाय ‘खादाड’ ठरून विकली जाते आणि कासदाहाचे कारण गोठ्यात तसेच राहते.

मग करायचे काय? माझ्या पद्धतीप्रमाणे मी खुराक पुन्हा सरासरी ६ किलोवर आणेन, पण सगळ्या गाईंना सारखा देणार नाही. ताज्या गाईंना जास्त आणि उशिराच्या टप्प्यातील गाईंना कमी, आणि एका वेळी दोन-अडीच किलोपेक्षा जास्त कोणालाच नाही. आधी थोडा चारा, मग खुराक, हा क्रमही पाळावा. जमत असेल तर कुट्टीवर खुराक पसरून मिसळून द्यावा. कुट्टी फार बारीक करू नये; अगदी भुगा केला तर रवंथ कमी होतो आणि फार लांब ठेवली तर गाई निवडून खातात. दोन ते चार सेंटिमीटरची कुट्टी बहुतेक ठिकाणी चालते.

खरी कमाई मात्र चाऱ्याच्या दर्जात आहे आणि माझा सर्वाधिक भर त्यावरच असतो. चारा जून होत जातो तसे त्यातील तंतू वाढतात आणि त्यांत लिग्निन हा न पचणारा कडक पदार्थ साठतो. असा चारा कोटीपोटातून हळूहळू पुढे सरकतो, पोट भरलेले राहते आणि गाय खाणे थांबवते. तंतूंची, म्हणजे एनडीएफची, पचनीयता एका टक्क्याने वाढली तर खाणे सरासरी ०.१७ किलो शुष्क पदार्थाने आणि ४ टक्के फॅटचे दूध ०.२५ किलोने वाढते, असे ओबा आणि ॲलन यांनी १९९९ मध्ये अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासातून दाखवले. चारा आठवडाभर आधी कापून पचनीयता चार टक्क्यांनी सुधारली, तर एक किलो दूध खुराकाचा दाणाही न वाढवता मिळू शकते. ज्वारी कोवळी असताना कापू नये हा अपवाद लक्षात ठेवावा, कारण कोवळ्या किंवा पाण्याच्या ताणात वाढलेल्या ज्वारीत विषारी हायड्रोसायनिक आम्ल असू शकते. बहुतेक इतर चाऱ्यांत उशीर करण्यापेक्षा फुलोऱ्याच्या सुमारास कापणे फायद्याचे ठरते, आणि मक्याचा मुरघास करायचा असेल तर संपूर्ण झाडात शुष्क पदार्थ ३० ते ३५ टक्के असताना.

पाण्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते आणि दुभत्या गाईला, चाऱ्यातील पाणी धरून, दर किलो शुष्क पदार्थामागे साधारण चार ते पाच लिटर पाणी लागते. उष्ण हवेत त्याहून अधिक. दिवसातून दोन-तीनदा पाणी दाखवण्याच्या पद्धतीत गाय आधी पाणी आणि मग खाणे कमी करते. धारेनंतर लगेच स्वच्छ पाणी आणि ताजा चारा समोर असावा. गव्हाण रात्रीही रिकामी नसावी, विशेषतः उन्हाळ्यात, कारण उकाड्यात गाय दुपारी खात नाही आणि थंड झाल्यावर खाते. त्या वेळी समोर काही नसेल तर तो दिवस वाया जातो. सकाळी तीन ते पाच टक्के शिल्लक दिसणे योग्य. गव्हाण चाटूनपुसून रिकामी असेल तर गाय समाधानी आहे असे नव्हे, तिला कमी पडले असा त्याचा अर्थ मी घेतो. आपल्या पहिल्या गाईच्या बाबतीतही ही शक्यता आधी तपासावी.

हे बदल एकदम करू नयेत. कोटीपोटातील सूक्ष्मजीव नव्या खाद्याशी जुळवून घ्यायला दोन ते तीन आठवडे घेतात, त्यामुळे खुराक दिवसाला अर्ध्या किलोहून जास्त बदलू नये आणि निकाल तिसऱ्या आठवड्यानंतर पाहावा. त्या वेळी प्रत्येक गाईचे विण्याचे दिवस, वेत, गाभण आहे की नाही, सलग तीन दिवसांचे दूध व फॅट, टाकलेला आणि उरलेला चारा, आणि शरीरगुणांक एवढे आकडे एका कागदावर लिहून कळवावेत. ते हाती आले की ताज्या, मधल्या आणि उशिराच्या अशा तीन गटांसाठी खुराकाचे प्रमाण आपण वेगवेगळे ठरवू, आणि त्या गव्हाण रिकामी करणाऱ्या गाईबद्दलचा निर्णयही तेव्हाच घेऊ.